विरून जाणारा डाग

१८८९ साली निलंगा हा निजामाच्या राज्यातल्या बीदर जिल्ह्याचा एक तालुका होता. तिथल्या माणसाचे सरकारदरबारचे सगळे रस्ते बीदरवरून हैदराबादला जात. त्या वर्षी हैदराबादेत जे चाललं होतं ते निलंग्याच्या पेठेत कुणाला कळलं असेल असं वाटत नाही. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांनी शेकडो कुत्री जमवली होती आणि त्यांना क्लोरोफॉर्म हुंगवून मारण्याचं काम रीतसर नोंदी ठेवून चालू होतं.

भूल देताना माणसं अचानक का मरतात, हा तेव्हाचा मोठा वाद. लॉरींचं मत ठाम होतं: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. म्हणून श्वासावर नजर ठेवा, नाडी बघत बसू नका. १८८८ च्या पहिल्या हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशननं कुत्र्यांवर प्रयोग करून हेच सांगितलं. लंडनच्या 'लॅन्सेट'नं नाक मुरडलं. तेव्हा सहावे निजाम महबूब अली खान यांनी एक हजार पौंड दिले आणि लॅन्सेटनं आपला माणूस पाठवावा असं कळवलं. लॉडर ब्रंटन हे नामांकित डॉक्टर बोटीनं आले. १८८९ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत दुसरं कमिशन चाललं. कुत्र्यांबरोबर माकडंही आली. निकाल पुन्हा लॉरींच्या बाजूनं. आलेले ब्रंटनही पटून परत गेले.

आणि तरीही निकाल चुकीचा होता. १९११ मध्ये लंडनच्या गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवून दिलं की क्लोरोफॉर्म थेट हृदयावर घाला घालू शकतो. हृदयाची लय बिघडते, नुसती थरथर उरते आणि प्राणी गतप्राण होतो. पण हे घडतं ते भूल हलकी असताना. हैदराबादेत कुत्र्यांना भरपूर क्लोरोफॉर्म देऊन मारलं जात होतं. गाढ भुलेत खरोखरच श्वास आधी थांबतो. म्हणजे शेकडो कुत्री खोटं बोलली नव्हती. त्यांना जेवढं विचारलं गेलं तेवढंच त्यांनी सांगितलं.

मेंदू आणि फेफऱ्याच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं, म्हणून सुरुवातीलाच आपल्या घरचा दाखला दिला. प्राणी एक सांगतो, यंत्रातलं चित्र एक सांगतं, आणि दोन्हींच्या मध्ये माणूस बसून आपल्याला हवं ते ऐकत असतो.

फेफरं, मिरगी, फिट, झटके: मराठवाड्यात या आजाराला नावांची कमी नाही आणि उपायांची तर मुळीच नाही. आठवडी बाजारात कुणी पडलं की भोवती कडं होतं. एकजण कांदा फोडून नाकाशी धरतो, दुसरा पायातली चप्पल काढतो, तिसरा मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. दोन-तीन मिनिटांत झटका आपोआप ओसरतो, कारण बहुतेक झटके तेवढेच असतात, आणि श्रेय कांद्याला मिळतं. हा कांद्याचा हिशेब ध्यानात असू द्यावा. पुढे मोठमोठ्या इस्पितळांत हाच हिशेब कामी आला, फक्त कांद्याच्या जागी गोळ्या होत्या.

आयुर्वेदात अपस्माराचं वर्णन जुनं आणि बारकाईचं आहे. स्मृती जाते, तोंडाला फेस येतो, डोळे फिरतात. दोष बिघडतात असं वैद्य सांगत, अंगात आलं असं गाव सांगे. मेंदूत नेमक्या कुठल्या जागी काय होतं हा प्रश्न मात्र कुणी विचारत नव्हतं, कारण मेंदूला अशा जागा आहेत हेच ठाऊक नव्हतं. युरोपातही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हीच स्थिती होती. मेंदूचा पृष्ठभाग सगळा सारखाच, त्याला टोचलं तरी काही होत नाही, असं मोठमोठे शरीरशास्त्रज्ञ शिकवत.

१८७० साली बर्लिनमध्ये गुस्टाव फ्रिट्श आणि एदुआर्द हिट्झिग या दोघांना विद्यापीठात जागा मिळाली नाही, म्हणून हिट्झिगच्या घरात, बायकोच्या शृंगाराच्या मेजावर कुत्रा ठेवून त्यांनी प्रयोग केले. मेंदूच्या एका ठिपक्याला हलका विद्युतप्रवाह लावला की विरुद्ध बाजूचा पाय हलायचा. जरा सरकून लावला की मान. प्रवाह जास्त वेळ दिल्यावर काही कुत्र्यांना पुरते झटके आले. त्या काळी लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन हे डॉक्टर रोग्यांच्या खाटेशी बसून निराळाच विचार करत होते. एकाच अंगठ्यापासून सुरू होऊन हळूहळू हात, मग चेहरा, असा चढत जाणारा झटका त्यांनी कितीदा पाहिला होता. त्यांचा तर्क असा की मेंदूच्या एका कोपऱ्यात ठिणगी पडते आणि ती आजूबाजूला पसरते. स्कॉटिश डॉक्टर डेव्हिड फेरियर यांनी १८७३ मध्ये यॉर्कशरच्या वेड्यांच्या इस्पितळातल्या प्रयोगशाळेत प्राणी घेतले आणि जॅक्सनचा तर्क तपासायला बसले. पुढे माकडं आणली. ठिणगी कुठं टाकली की झटका कुठून सुरू होतो, याचा नकाशाच त्यांनी काढला.

ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनला जागतिक वैद्यक परिषद भरली. फेरियरनी आपली माकडं सभेपुढं आणली. एकाच्या मेंदूचा ठराविक भाग काढलेला होता आणि ते एका बाजूनं लुळं होऊन लंगडत होतं. पॅरिसचे शार्को ते बघून, हा तर माझ्या दवाखान्यातला रोगीच आहे, अशा अर्थाचं उद्गारले, असं सांगतात. प्राण्यात माणसाचा रोग उभा करता येतो ही कल्पना तिथं सगळ्यांच्या डोळ्यांपुढं चालत आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्राणिमित्रांनी फेरियरना कोर्टात खेचलं. १८७६ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागे आणि तो त्यांच्याकडे नव्हता. शस्त्रक्रिया ज्यानं केली त्या सहकाऱ्याकडे तो होता, म्हणून खटला टिकला नाही. भूतदया आणि विज्ञान यांचं हे भांडण आजही मिटलेलं नाही. मिटू नये असंही वाटतं, कारण ते असल्यामुळेच प्रयोग करणारा दोनदा विचार करतो.

पाच वर्षांनी, २५ मे १८८६ रोजी, लंडनच्या क्वीन स्क्वेअरच्या इस्पितळात व्हिक्टर हॉर्स्ली या तरुण शल्यविशारदानं एका बावीस वर्षांच्या तरुणाची कवटी उघडली. त्याला लहानपणी डोक्याला मार लागला होता आणि झटक्यांमागून झटके येत होते. कवटी कुठं उघडायची हे माकडाच्या नकाशावरून ठरलं. शेजारी जॅक्सन आणि फेरियर उभे होते. जुन्या जखमेचा व्रण सापडला, काढला, झटके थांबले.

पण असे रोगी किती? बाहेर खूण असलेले मोजके. बाकीच्यांची कवटी बंद, आणि बंद कवटीच्या आत बघायला काही साधन नाही. मेंदूतले विद्युतप्रवाह लिव्हरपूलच्या रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच ससे आणि माकडांत टिपले होते. माणसाच्या डोक्यावर तारा लावून ते कागदावर उतरवले जर्मनीतल्या हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये, आणि जगापुढं मांडले १९२९ मध्ये. आज निलंग्याच्या जिल्ह्याच्या गावी, लातूरला, ज्याला 'ईईजी काढून आणा' म्हणतात त्याचं हे मूळ. औषधांचा शोधही प्राण्यातूनच निघाला. अमेरिकेत बोस्टनमध्ये मेरिट आणि पटनम यांनी मांजरांना विजेचा झटका देऊन फिट आणली आणि कुठल्या रसायनानं ती दबते ते एकेक करून पाहिलं. १९३७-३८ मध्ये हाती लागलं फेनिटॉइन. ते १९०८ सालीच कुणीतरी बनवून ठेवलेलं होतं. त्यानं झोप येत नाही म्हणून निकामी समजून कपाटात पडलं होतं. झोप न आणता झटका रोखणं हाच तर त्याचा गुण. निलंगा तालुक्यात 'फिटची गोळी' म्हणून जी एप्टॉइन दशकानुदशकं खाल्ली गेली ती हीच.

बघायचं साधन आलं ते १९७१ मध्ये, आणि तेही एका खाटकाच्या दुकानातून वाट काढत. गॉडफ्री हाउन्सफील्ड हे ग्रामोफोनच्या रेकॉर्डी काढणाऱ्या ईएमआय कंपनीत इंजिनियर होते. वेगवेगळ्या कोनांतून क्ष-किरण सोडून संगणकाकडून आतला काप काढून घ्यायचा, ही त्यांची कल्पना. पहिलं यंत्र जुन्या लेथच्या पाटावर उभं राहिलं. क्ष-किरणांऐवजी किरणोत्सर्गी गोळा वापरला होता, आणि एका चित्राला नऊ दिवस लागले. मेंदू आणला होता इस्पितळाच्या संग्रहातला, फॉर्मलीनमध्ये ठेवलेला. चित्र छान आलं, भलतंच छान. मग शंका आली की हा फरक मेंदूचा की फॉर्मलीनचा? ताजा मेंदू हवा. कत्तलखान्यात जनावराला डोक्यात घाव घालून आधी बेशुद्ध करत, त्यानं मेंदूत रक्त उतरे आणि चित्र बिघडे. शेवटी ज्यू खाटकाकडून बैलाचे ताजे मेंदू मिळाले. ते पिशवीत घालून लंडनच्या गर्दीतून हाउन्सफील्ड कामावर येत. गर्दीतल्या शेजाऱ्याला काय कल्पना! बैलाच्या मेंदूत आतल्या पोकळ्या स्पष्ट दिसल्या तेव्हा कुठं यंत्र माणसाजवळ न्यायचं धाडस झालं. १ ऑक्टोबर १९७१ ला विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ली इस्पितळात पहिल्या रोगी बाईचं सीटी स्कॅन झालं.

एमआरआयचीही तीच कथा, फक्त बैलाच्या जागी उंदीर. रेमंड डॅमेडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांतल्या गाठी चुंबकीय क्षेत्रात वेगळा संकेत देतात असं दाखवलं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये त्या संकेतातून चित्र कसं काढायचं ते सांगितलं. पुढचं पाऊल मला सगळ्यात देखणं वाटतं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सेइजी ओगावा यांनी भूल दिलेला उंदीर प्रबळ चुंबकात ठेवला. साध्या हवेत श्वास घेताना त्याच्या मेंदूतल्या शिरा काळ्या रेघांसारख्या दिसत. शुद्ध प्राणवायू दिला की रेघा पुसल्या जात. प्राणवायू खर्च झालेलं रक्त चुंबकाला निराळं भासतं, एवढंच त्याचं कारण. पण त्यामुळे मेंदूचा कुठला भाग या घडीला राबतोय ते बाहेरून, सुई न टोचता कळू लागलं. त्याआधी, १९७७ मध्ये लुई सोकोलॉफ यांनी उंदरांना किरणोत्सर्गी साखर देऊन मेंदूचा कुठला भाग किती साखर खातो ते मोजलं होतं. तीच युक्ती माणसांत पेट स्कॅन होऊन आली. लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास ती फेफऱ्याच्या रोग्यांवर वापरली तेव्हा आश्चर्य दिसलं: जिथून झटका उठतो ती जागा झटका नसताना थंड, मंद पडलेली असते. सगळे उष्ण ठिणगी शोधत होते आणि विझलेली चूल सापडली. भारतात पेट स्कॅन आलं २००२ मध्ये, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये.

सीटी स्कॅन मात्र त्याआधीच आपल्याकडे येऊन पोहोचलं होतं, आणि १९८० च्या दशकात त्यानं डॉक्टरांना चकव्यात पाडलं. त्या चकव्याची पूर्वपीठिका गोऱ्या सोजिरांची आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या ब्रिटिश सैनिकांना घरी गेल्यावर, कधी कित्येक वर्षांनी, झटके येऊ लागत. घराण्यात कुणाला फेफरं नाही, डोक्याला मार नाही. काहींना ढोंगी ठरवलं गेलं, काहींची वेड्यांच्या इस्पितळात रवानगी झाली. लष्करी डॉक्टर विल्यम मॅकआर्थर यांनी १९३० च्या दशकात लंडनच्या मिलबँक इस्पितळात यांच्या अंगावरच्या बारीक गाठी तपासल्या. आत डुकरापासून येणाऱ्या फीतकृमीच्या पिल्लांची पुटकुळी निघाली. मांड्यांचे एक्स-रे काढले तर स्नायूंत तांदळाचे दाणे विखुरल्यासारखे चुन्याचे ठिपके. मेंदूतली पुटकुळी तितकी चुनखडत नसल्यानं कवटीचा एक्स-रे बहुधा मुका राहायचा. मेंदूची खबर मांडीत शोधावी लागत होती. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिपस्कोम्ब यांनी असे ४५० रुग्ण एकत्र मांडून अहवाल छापला. बहुतेकांनी हिंदुस्थानात नोकरी केलेली होती.

ज्या देशाचं पाणी पिऊन सोजिरांना फेफरं आलं त्या देशातल्या लोकांचं काय, हा प्रश्न त्या अहवालानंतर लगेच उठायला हवा होता. आपल्याकडच्या डॉक्टरांच्या डोक्यात मात्र दुसराच रोग घर करून होता, क्षय. आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण क्षय खरोखर घराघरात होता.

सीटी आलं तेव्हा दिसलं ते असं. विशी-पंचविशीचा तरुण, एका हाताला किंवा तोंडाच्या एका कोपऱ्याला झटका येतो, एकदाच किंवा दोनदा. बाकी तब्येत ठणठणीत. शिरेतून औषध सोडून सीटी काढलं की मेंदूच्या पृष्ठभागाजवळ एक लहानशी चमकती कडी, नाहीतर चकती, भोवती सुजेची काळसर किनार. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली की बापालाही बोटानं दाखवता येईल इतकी स्पष्ट. पाश्चात्य पुस्तकांत अशा डागाचा अर्थ अर्बुद किंवा पू असा दिलेला. काही आठवड्यांनी पुन्हा सीटी काढलं तर डाग नाही! १९८५ मध्ये दिल्लीचे पी. के. सेठी आणि सहकाऱ्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या या डागांवर ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहिला. १९८७ मध्ये त्याच नियतकालिकात पुण्याहून रुस्तम वाडिया, मखले, केळकर आणि ग्रँट यांचा लेख आला, भारतातल्या एकांगी झटक्यांवर आणि खास करून या कडी-चकतीच्या डागांवर. हे तेच वाडिया, ज्यांनी १९७४ मध्ये कीटकनाशकानं विषबाधा झालेल्या रोग्यांच्या मज्जासंस्थेवर केलेला अभ्यास आजही पाठ्यपुस्तकांत सांगितला जातो. पुण्याच्या इस्पितळाच्या खाटांवरून जगाला शिकवणारी ही परंपरा मराठी वाचकाला फारशी माहीत नाही.

डागाला नाव काय द्यायचं, यावर पुढची काही वर्षं गेली. एक पक्ष म्हणे, झटक्यामुळेच मेंदूचा तो भाग तात्पुरता सुजतो. डाग हा झटक्याचा परिणाम. त्याला आधार होता, कारण झटक्यानंतर मेंदूच्या चित्रात तात्पुरते बदल होतात हे प्राण्यांतही दिसत होतं. दुसरा आणि मोठा पक्ष म्हणे, ही क्षयाची बारीक गाठ. मग क्षयाची औषधं वर्षभर, दीड वर्ष. चार-चार गोळ्या, लालभडक लघवी, कावीळ होते का याची धास्ती. तीन महिन्यांनी सीटी काढायचं, डाग गेलेला! औषध लागू पडलं. आणखी एक रोगी, आणखी एक यश. ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचाही डाग जात होता, पण काही न देऊन थांबण्याची छाती किती जणांना? बाजारातल्या कांद्याचा हिशेब इथं सीटीच्या फिल्मवर मांडलेला दिसतो.

गाठ सुटली वेल्लोरला. तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये भारतातली न्यूरोसर्जरी सुरू केली होती. त्याच विभागातल्या मॅथ्यू चँडी आणि वेदांतम राजशेखर यांनी वाद न घालता डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९९१ मध्ये त्यांनी निकाल छापला: बहुतेक डागांत क्षय नव्हता, फीतकृमीची मरणपंथाला लागलेली एकुलती एक पुटकुळी होती. सोजिरांचाच रोग, पण त्यांच्या मांड्यांतल्या शेकडो गाठींसारखा नाही, एकच, चुकार. पुटकुळी जिवंत असते तोवर शरीराच्या पहारेकऱ्यांना चकवून वर्षानुवर्षं गप्प बसते. मरायला लागली की तिचा बुरखा गळतो, भोवती सूज येते, तीच चमकती कडी, आणि तेव्हा झटका येतो. शरीर तिला खाऊन टाकतं आणि डाग विरतो. १९९३ मध्ये राजशेखर आणि सहकाऱ्यांनी नियम दिला: डाग २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदू एका बाजूला ढकलला गेलेला नाही, रोग्याची अवस्था उतरत नाही, तर ही क्षयाची गाठ नव्हे. या साध्या फूटपट्टीनं किती घरांतली क्षयाची गोळी थांबली असेल याचा हिशेब कुणी केलेला नाही. माझ्या मते आपल्या वैद्यकातल्या मोठ्या कामांत तिची गणना व्हावी.

आता मजा अशी की ज्यांनी आयुष्यात मांस शिवलं नाही अशांच्या मेंदूतही ही पुटकुळी निघे. 'आम्ही माळकरी, डुकराचं नाव कशाला घेता?' हा प्रश्न डॉक्टरांना ऐकावा लागतोच. कारण असं की नीट न शिजलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. पण त्याची अंडी त्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि गोदरीवरून, न धुतलेल्या हातांनी, कोथिंबिरीच्या जुडीवरून कुणाच्याही पोटात जातात. मेंदूपर्यंत पोहोचतात ती या अंड्यांतून निघालेली पिल्लं. डुक्करही ती अंडी खातं आणि चक्र पुरं होतं. म्हणून २०००-०१ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेलं संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान हे, पोस्टरवर कुठंही तसं न लिहिता, फेफऱ्याविरुद्धचंही अभियान होतं. गावच्या बक्षिसाच्या हिशेबात हा मुद्दा कधी आला नाही.

याच सुमारास कायद्यानंही एक डाग पुसला. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनं वारंवार येणारं फेफरं वेडाच्या पंक्तीला बसवून लग्नाला अपात्र ठरवलं होतं. सीटीवर विरून जाणाऱ्या डागानं झालेला एखाददुसरा झटकासुद्धा मुलीकडचे लोक त्याच खात्यात टाकत. १९९९ च्या दुरुस्तीनं तो शब्द काढून टाकला. लोकांच्या मनातून काढायचं काम पुण्या-मुंबईच्या आधार गटांवर पडलं आणि ते अजून चालू आहे.

डागाचं मूळ कळल्यावर संशोधक डुकराकडेही वळले. फीतकृमीची पुटकुळी निसर्गतः ज्याच्या मेंदूत होते असा हा प्राणी, म्हणजे प्रयोगशाळेत रोग निर्माणही करावा लागत नाही. लखनौच्या संजय गांधी संस्थेत राकेश गुप्ता आणि काशीनाथ प्रसाद यांच्या गटांनी मोहनलालगंज भागातल्या डुकरं पाळणाऱ्या वस्त्यांमध्ये काम केलं. एमआरआयमध्ये असं दिसलं की कित्येक धडधाकट माणसांच्या मेंदूत पुटकुळ्या आहेत आणि त्यांना एकही झटका आलेला नाही. मग झटका कशानं येतो? पुटकुळीनं की भोवतीच्या सुजेनं? एवढ्या चित्रांनंतरही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. डुकराला झटके येतच नाहीत अशी कित्येक वर्षं समजूत होती, कारण डुकराला कुणी रात्रभर बघत बसत नाही. टांझानियातल्या संशोधकांनी गोठ्यात कॅमेरे लावले आणि २०१६ मध्ये छापलं की पुटकुळ्या असलेल्या डुकरांना चक्क तीव्र झटके येतात. पेरूतल्या शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये उंदरांच्या मेंदूत अंड्यातली पिल्लं सोडून तसाच रोग उभा केला. डुकरांसाठी मेलबर्नच्या मार्शल लाइटोलर्स यांनी शोधलेली लस इंडियन इम्युनोलॉजिकल्स ही आपलीच कंपनी तयार करते. पण डुकरं पाळणाऱ्याच्या दृष्टीनं जनावर धडधाकट दिसतंय. लसीचा खर्च त्याचा आणि फायदा कोथिंबीर खाणाऱ्या परक्या माणसाचा. हा सौदा जमत नाही तोवर लस फ्रिजमध्येच राहणार.

पुटकुळीखेरीज दुसरा एक रस्ता लहान मुलांचा आहे. तापात आलेले झटके बहुतेक वेळा निरुपद्रवी. पण काही मुलांना झटका अर्धा-अर्धा तास सुटत नाही, आणि त्यांतल्या काहींना पुढं मोठेपणी हट्टी फेफरं जडतं. कुणाला जडेल, हे सांगता येत नाही. अमेरिकेत अशा मुलांचा मोठा अभ्यास झाला. २०१२ च्या अहवालात एमआरआय काढलेल्या १९१ मुलांपैकी २२ जणांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात ताज्या इजेची निश्चित किंवा संशयास्पद खूण दिसली. पण पुढच्या पंधरा वर्षांत काय होतं हे बघायला पंधरा वर्षं लागतात. उंदराचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्यामुळे तिथं उत्तर लवकर मिळतं.

कॅलिफोर्नियात ताली बाराम यांच्या प्रयोगशाळेत उंदरांच्या पिल्लांना ऊब देऊन तापासारखा झटका आणतात, तासभर चालू ठेवतात. २०१४ मध्ये त्यांनी छापलेल्या प्रयोगात झटक्यानंतर दोनच तासांत पिल्लांचा एमआरआय काढला आणि मग महिनोन्महिने त्यांच्यावर पाळत ठेवली. काहींना फेफरं झालं, बाकीच्यांना नाही. ज्यांना झालं त्यांच्या त्या पहिल्या चित्रात ॲमिग्डाला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग काळवंडलेला होता. कारण शोधलं तर निघालं ओगावांच्या उंदराचंच: प्राणवायू खर्च झालेलं रक्त तिथं जास्त साठलं होतं, म्हणजे झटका थांबल्यावरही तो भाग जोरात राबत होता. सूज नाही, जखम नाही, नुसती दमछाक, आणि तीही दोन तासांच्या आत बघितली तर.

उंदरात सापडलेली खूण मुलात जशीच्या तशी असेल असं धरून चालता येत नाही. मुलांत ती अजून सिद्ध व्हायची आहे. समजा झालीच, तर अडचण निराळी आहे. निलंग्यातल्या मुलाला रात्री दोन वाजता तापात झटका आला तर आईबाप आधी तालुक्याच्या दवाखान्यात जातात. तिथं झटका थांबवायचं इंजेक्शन मिळतं, हीच मोठी गोष्ट. मग सकाळी लातूर. बाळाला एमआरआयच्या नळीत निश्चल ठेवायचं तर भूल द्यावी लागते, भुलेचा डॉक्टर लागतो, आणि तोवर दोन तास कधीच उलटून गेलेले असतात.